निळी बादली

भागुबाई बोहारणीने वाल्मीकच्या तीन पँटी, एक सफारी आणि प्रतिभाची विटकी जरीची साडी मांडीवर घेतली, एकेक कपडा उजेडात धरून पाहिला आणि बऱ्याच नाराजीने एक निळी प्लॅस्टिकची बादली पुढे सरकवली. इथपर्यंत सगळे रीतीप्रमाणे चालले होते. मग प्रतिभा रीतीप्रमाणे म्हणाली, "एवढ्या कपड्यांवर नुसती बादली? सफारी थायलंडची आहे बरं. वर टमरेल टाक." भागुबाई रीतीप्रमाणे उठून जायला निघाली आणि रीतीप्रमाणे परत बसली. फाटकाबाहेर गल्लीतली पिवळी कुत्री मागचा एक पाय उचलून उन्हात उभी होती. तिच्याकडे हात करत प्रतिभा म्हणाली, "असं कर, ही कुत्री पण घेऊन जा, पण टमरेल दे." भागुबाईने मान वळवली. कुत्रीकडे तिने अगदी सफारीकडे पाहिले तसेच पाहिले, आधी पाठ, मग कड, मग शिवण. "लंगडी हाय," ती म्हणाली. "फाटलेलं म्या घेत नाय, बाई."

सगळे हसले. शेजारच्या बंगलीच्या भिंतीवर कोपर टेकून उभे असलेले कुंदन बोरस्ते सर्वांत जास्त हसले, कारण कुत्रीशी त्यांचे खाजगी वैर होते. वाल्मीकही हसला. पण बाकीच्यांचे हसू संपल्यावरही आपले हसू चेहऱ्यावर तसेच राहिले आहे, दिवसा चालू राहिलेल्या गल्लीतल्या दिव्यासारखे, हे त्याच्या लक्षात आले. ते कसे बंद करायचे हे त्याला सुचेना.

"वाल्मीकराव," बोरस्ते म्हणाले, "मेहुण्याचा टेम्पो निघालाय बरं का सिन्नरहून. भाजी उतरवली मार्केटात की थेट इकडंच येतो. कांद्याची गोणी मी काढून ठेवलीये. जाळीची. हवेशीर."

"सोडणार कुठे?"

"मोहदरीच्या घाटात. मेहुणा म्हणतो तिथं ढाबे आहेत, खाण्यापिण्याची आबाळ नाही. अहो, आपण काय मारतोय का तिला? आपण काय तसले लोक आहोत का? फक्त परत वाट सापडू नये एवढं बघायचं." मग आवाज उतरवून, "रविवारी आमच्या मनीषाला बघायला दुसरे पाहुणे यायचेत. मागच्या वेळचं तुम्हाला ठाऊकच आहे."

मागच्या वेळी सटाण्याहून आलेल्या मुलाच्या मामांची पँट कुत्रीने घोट्यापासून पोटरीपर्यंत उभी उसवली होती. मामा पोहे न खाता उठले. स्थळ चांगले होते, पाण्याखालची जमीन होती.

"ती काही कोणाच्या हाताला लागत नाही," बोरस्ते म्हणाले. "तुमच्याच हाकेला येते. तेवढं बोलवा फक्त. पुढचं आमचे आम्ही बघतो. आणि हो, तुमची नाही ना ती? तुमची असेल तर तसं सांगा, मग विषयच संपला."

"छे," वाल्मीक म्हणाला. "माझी कसली."

हे त्याच्या तोंडून इतक्या सवयीने गेले की त्याला स्वतःलाच नवल वाटले. सवय कधीची? त्याने बादली उचलली, बुडाला टिचकी मारून पाहिली, जणू खरेदीत आपलेही काही मत आहे, आणि ती घेऊन न्हाणीघरात गेला. कडी लावली. नळ सोडला. कोऱ्या प्लॅस्टिकच्या तळावर पाणी पडले आणि तो आवाज आला, पोकळ, टणक, जरा निर्लज्ज. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. रंगही तोच होता, आकाशाच्या निळ्याशी ज्याचा काही संबंध नाही असा निळा. कडीवरची पांढरी मूठसुद्धा तीच. जगात बादल्या बनवणारे साचे बहुधा थोडेच असावेत, त्याने कारखान्यातल्या माणसासारखा विचार केला. पण तो विचार टिकला नाही.

शहाण्णव साली अंबडच्या त्याच्या कंपनीने सूतगिरणीची यंत्रे थायलंडला विकली आणि यंत्रांबरोबर वाल्मीकलाही पाठवले, यंत्रे चालेपर्यंत तिथेच राहायचे म्हणून. ईशान्येकडचा सपाट, भाताचा मुलूख. कंपनीचे बाकीचे लोक शहरातल्या क्वार्टर्समध्ये राहत, डाळीचे डबे मोजत आणि महिन्यातून एकदा बँकॉकला जाऊन इडली खाऊन येत. वाल्मीकने गिरणीजवळच्या खेड्यात खोली घेतली. त्याला खरा देश बघायचा होता. कॉलेजात असताना बुद्धावरचे एक पुस्तक त्याने वाचले होते, निम्मे. उरलेले निम्मे आता प्रत्यक्ष बघू असा त्याचा हिशेब. शिवाय सिन्नरजवळचे त्याचे स्वतःचे गाव तोवर विड्या, ग्रामपंचायत आणि भाऊबंदकी यांनी पार नासले होते. कुठेतरी एक न नासलेले गाव असेल, ही कल्पना माणसाला विमानात बसल्यावर फार सहज सुचते.

पहिले काही आठवडे ते गाव होतेही तसे. खांबांवर उभी लाकडी घरे, घराखाली सावली, सावलीत मोटरसायकल, माग आणि कुत्री. घरमालकीण पा बुनमी. पा म्हणजे मावशी. ती पहाटे अनवाणी रस्त्यावर बसून भिक्षूंच्या पात्रात भात घाली आणि कपाळ जमिनीला टेकवी. अंगावर बसलेला डास ती मारत नसे, फुंकर घालून उडवी, म्हणजे तो येऊन वाल्मीकला चावे. गावात कोणी कोणावर ओरडत नसे. काहीही झाले, गाडी घसरली, वीज गेली, नवरा पळाला, तरी सगळे हसत आणि म्हणत, 'माइ पेन राय', म्हणजे असू दे, काही नाही. वाल्मीकने घरी लिहिले की इथल्या माणसांना राग ही गोष्टच माहीत नाही. प्रतिभाने उलट विचारले की मग ते भांडतात कसे. प्रश्न बरोबर होता, पण तेव्हा त्याला तो बायकी वाटला.

आणि कुत्री. देवळाच्या आवारात कुत्र्यांचा पसारा पडलेला असे, खरूज झालेली, कान गेलेली, तीन पायांची. भिक्षू त्यांच्यातून वाट काढत जात, उरलेला भात त्यांच्यापुढे ओतत. करुणा म्हणतात ती हीच, वाल्मीकला वाटले. मग एका सकाळी त्याने पाहिले, एक चांगल्या घरची बाई स्कूटरवरून आली, टोपलीतली चार पिल्ले पिंपळाखाली ठेवली, बुद्धाला उदबत्ती लावली, तीनदा वाकली आणि रिकामी टोपली घेऊन हसतमुखाने गेली. पिल्ले टोपलीच्या मागे थोडी चालली. तेव्हापासून तो त्या गर्दीकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागला. देऊळ ही गावाची अडगळीची खोली होती. खायला सगळे घालत. पाळत कोणीच नव्हते. तुमचे कुत्रे कोणते, असे विचारले की गाव हसायचे.

बाहेर बोरस्त्यांचा आवाज. "टेम्पो द्वारका सर्कलला अडकलाय म्हणे." प्रतिभाचा आवाज. "चहा घ्या तोवर." बादली निम्मी भरली होती. पाण्याचा आवाज आता खालच्या पट्टीत आला होता.

त्याच्या खोलीच्या जिन्याखाली एक काळे कुत्रे झोपायचे. गाव त्याला 'दाम' म्हणायचे, म्हणजे काळा. तिथले निम्मे काळे कुत्रे दामच होते. वाल्मीक त्याला काहीच म्हणत नसे. पण संध्याकाळी गिरणीतून आल्यावर जिन्यावर बसून तो त्याच्याशी बोलायचा. यंत्राबद्दल, मॅनेजरबद्दल, भाताबद्दल. मराठीत. त्याला आधी वाटले की आपण मोठ्याने विचार करतो आहोत. मग कळले की नाही, आपण कुत्र्याशी बोलतो आहोत, आणि कुत्र्याला कळते आहे. 'ये रे' म्हटले की ते यायचे. 'बस खाली' म्हटले की बसायचे. 'गप' म्हटले की कान पाडायचे. त्या सगळ्या मुलखात मराठी समजणारा तो एकच जीव होता, आणि त्याला कोणी पाठवलेले नव्हते. पोरे गंमत म्हणून दामला थाईत हाका मारत, तर तो ढिम्म हलत नसे, पापणीसुद्धा नाही. पा बुनमी पोट धरून हसायची. "कुत्रा खेक झाला," असे ती शेजारणींना सांगायची. खेक म्हणजे त्यांच्या भाषेत पाहुणा, आणि हिंदुस्थानचा माणूस म्हणजेही खेकच. एकदा तिने सरळ विचारले, खुणा करून, हे कुत्रे आता तुझे का? वाल्मीक संकोचला. कुत्रे आपले म्हटले की त्याचे आजारपण आले, कोणाच्या कोंबड्या खाल्ल्या तर भांडण आले, परत जायच्या वेळी प्रश्न आला. शिवाय त्या पुस्तकाच्या निम्म्या भागात होतेच, की आपले असे काही नसते. "छे," तो म्हणाला, आणि हात हलवले. "माझे कसले." पा बुनमी हसली.

न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून तो उभा होता. भिंत गार होती, जानेवारीतली नाशिकची गार. अच्छा, म्हणजे सवय तिथली आहे, त्याला वाटले. आणि एखादी हरवलेली किल्ली भलत्याच खिशात सापडावी तशी त्याला जराशी मौज वाटली.

पुढची गोष्ट त्याला पाठ होती. गेली सात वर्षे तो ती सांगत आला होता, बारशाला, साखरपुड्याला, कंपनीच्या पार्टीत दुसऱ्या ग्लासानंतर. एक दिवस तो गिरणीतून परत आला तर जिन्याखाली दाम नव्हता. पा बुनमी हसत पुढे आली, हातात नवी कोरी निळी बादली. तिने सगळे अगदी मोकळेपणाने सांगितले, हातवारे करून. आज गाडी आली होती. पिंजऱ्याची. गाडीवाला गावोगाव हिंडतो, कुत्रे द्यायचे, बादली घ्यायची. मोठ्या कुत्र्याला मोठी. दाम घराखालून बाहेर निघेना, गाडीवाला फास घेऊन दमला. मग मी काय केले ठाऊक आहे? पा बुनमीने डोळे बारीक केले, तोंडाचा चंबू केला आणि वाल्मीकच्याच आवाजात, अगदी सिन्नरच्या हेलात, हाक मारली, "ये रे! ये!" आणि आला की धावत. ती पोट धरून हसली. मग बादली त्याच्या हातात दिली.

गाडी कुठे जाते, हे त्याने दुसऱ्या दिवशी गिरणीत विचारले. नदीपलीकडे, लोक म्हणाले. तिकडे खातात. आम्ही नाही खात, आम्ही तसले लोक नाही. असू दे, काही नाही.

गोष्टीच्या या टप्प्यावर ऐकणारे हमखास 'शी' म्हणत. बोरस्त्यांनी तर दोनदा ऐकून दोनदा म्हटले होते. "बघा, पहाटे भिक्षा घालायची आणि दिवसा कुत्रं विकायचं. आपल्याकडं हे चालणार नाही." आणि वाल्मीक मान हलवायचा, ज्याने जग पाहिले आहे अशा माणसाची मान. मी पुढच्याच महिन्यात क्वार्टर्समध्ये राहायला गेलो, तो सांगायचा. त्या हसण्यावरचा माझा विश्वासच उडाला. मग सत्त्याण्णव साली तिथला पैसा गडगडला, गिरणी बंद पडली, तो परत आला. गोष्ट इथे संपायची आणि लोक जेवायला उठायचे.

पण बादली त्याच्या हातात का दिली?

हा प्रश्न त्याला सात वर्षांत पडला नव्हता, हे आता त्याला फार विचित्र वाटले. बादली तिची होती. घर तिचे, जिना तिचा, गाडीवाल्याशी बोलणे तिचे. तिच्याकडे बादली नव्हतीच, सगळे घर अंगणातल्या रांजणातून वाडग्याने अंघोळ करायचे. तिला बादलीचा उपयोग काय? तिथे बादलीवाचून कोणाचे अडले होते? नळ वाहत होता. त्याने तो बंद केला, जणू आवाजामुळे आठवण ऐकू येत नव्हती. आणि मग शांततेत त्याला ते दिसले, स्वतःच, कमरेला टॉवेल गुंडाळून अंगणात उभा असलेला वाल्मीक. हाताने हवेत एक गोल काढतो आहे. मग त्या गोलावर एक कडी. मग कडी धरून उचलण्याची खूण. मग डोक्यावर पाणी ओतल्याची. पा बुनमी आणि शेजारणी कौतुकाने बघताहेत. रांजणातून अंघोळ त्याला जमत नव्हती. उघड्यावर, सगळ्यांच्या पाण्यात वाडगे बुडवून. अंघोळ झाल्यासारखीच वाटत नसे. माणसाला आपली बादली लागते, कोपऱ्यात ठेवून, तांब्याने घ्यायची. हे तो तिला रोज समजावत होता, आल्यापासून, कधी विनोदाने, कधी वैतागून. तालुक्याच्या बाजारात बादली मिळत असणार, पण तिथे जायला त्याला सवड नव्हती, आणि ती रोज म्हणायची, असू दे, बघू.

म्हणजे तिने बघितले. परक्या मुलखातला एक पाहुणा, बादलीवाचून कष्टी. आणि जिन्याखाली एक कुत्रे, जे त्याचे नाही असे त्याने स्वतः सांगितलेले. दोन्ही गोष्टी तिने एकमेकींवर ठेवून पाहिल्या असतील, भागुबाईने साडीवर बादली ठेवून पाहावी तशा, आणि जमल्या. ती बादली घेऊन पुढे आली तेव्हाचा तिचा चेहरा त्याने पुन्हा आठवून पाहिला. सात वर्षे तो त्या चेहऱ्यावर निर्ढावलेपणा वाचत आला होता. आता तिथे दुसरेच काही होते. एखाद्याला तो नको नको म्हणत असताना आवडीचे काही वाढावे आणि मग तो खातो की नाही बघत उभे राहावे, तो चेहरा. किंवा कदाचित नव्हताही. तिने दामला ओळखीच्या हाकेने फसवले ते फसवलेच. दोन्ही खरे असेल. एकाच बाईच्या अंगात दोन्ही कसे मावत असेल याची त्याला आता खरोखरच उत्सुकता वाटू लागली, आणि विचारायला पा बुनमी समोर नाही याची पहिल्यांदाच चुटपुट लागली.

गोष्टीतून बादलीची मागणी गळून पडली होती. त्याने ती लपवली नव्हती. सांगता सांगता ती कुठेतरी झिजून गेली. गोष्टीतून आणखीही एक झिजले होते. क्वार्टर्समध्ये जाईपर्यंत, रोज सकाळी, तो त्याच बादलीतून अंघोळ करत होता. बादली सोयीची होती.

दारावर थाप पडली. "अहो, सकाळीच झाली ना अंघोळ तुमची? काय करताय आत? टेम्पो आलाय."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. गल्लीच्या तोंडाशी कुत्र्यांनी ओरडायला सुरुवात केली. पण त्यांत लंगडीचा आवाज नव्हता. ती नेहमी घंटागाडीवर भुंकायची, पाहुण्यांवर भुंकायची, टेम्पोवर कधीच नाही. शेजारच्या बायका शनिवारी शनीसाठी काळे कुत्रे शोधत तेल लावलेली पोळी घेऊन हिंडत, आणि ही पिवळी त्यांच्या मागे अख्खी गल्ली लंगडत जायची. रंगावरून नाकारलेली. वाल्मीक संध्याकाळी कामावरून आला की फाटकाच्या दांडीवर हात ठेवून तिच्याशी दोन शब्द बोलायचा. यंत्राबद्दल, मॅनेजरबद्दल. 'ये गं' म्हटले की ती यायची. त्याला वाटत होते आपण मोठ्याने विचार करतो.

त्याने कडी काढली. बादली जड झाली होती, मूठ बोटांत रुतत होती. जाता जाता त्याने कोनाड्यातला साबण उचलला, चंदनाचा, प्रतिभाचा, आणि एक तांब्या.

अंगणात बोरस्ते जाळीची गोणी दोन्ही हातांनी उघडी धरून उभे होते, जरा ओशाळलेले, पिशवी विसरून रुमालात भाजी घ्यायला आलेल्या माणसासारखे. मेहुणा टेम्पोतून उतरला नव्हता. कुत्री समोरच्या विजेच्या खांबामागे जाऊन बसली होती.

"या, या," बोरस्ते म्हणाले. "बरं झालं. मारा हाक."

वाल्मीकने फाटक उघडले. उघडेच ठेवले. बादली फरशीवर ठेवली. आता जी हाक मारायची ती एकच होती, दुसरी त्याला येत नव्हती. त्या हाकेत काय काय असते हे त्या जनावराला कळायला काही मार्ग नव्हता. घसा खाकरून तो म्हणाला, "ये गं."

ती आली. तीन पायांवर, थेट, गोणीकडे न बघता. बोरस्ते वाकले. तेवढ्यात वाल्मीकने तांब्याभर पाणी तिच्या पाठीवर ओतले.

कुत्री दचकली, पण पळाली नाही. त्याच्याकडे तिने फक्त वर पाहिले. त्याने दुसरा तांब्या ओतला आणि साबण लावायला घेतला. मानेवर, कानामागे, त्या वाळलेल्या पायाच्या सांध्यावर. केसांखाली हाडे होती, आणि हाडांखाली काहीतरी जोरात धडधडत होते.

"अहो, ओली कशाला करताय?" बोरस्ते म्हणाले. "गोणीत घालायचीये. टेम्पोची सीट..." मग त्यांचे शब्द हळू झाले. फेस येत होता. गल्लीत आजवर कोणी कोणाच्या नसलेल्या कुत्र्याला अंघोळ घातल्याचे त्यांनी पाहिले नव्हते. चंदनाच्या वासाची कुत्री कांद्याच्या गोणीत कशी घालायची, याची काही पद्धत नव्हती. "वाल्मीकराव," ते म्हणाले, "मघाशी तुम्ही म्हणालात..."

"हो. म्हणालो."

"मग रविवारी? पाहुणे?"

"रविवारी बांधून ठेवतो. पाहुण्यांना सांगा, शेजाऱ्यांची कुत्री आहे, चावरी आहे. सटाण्याच्या मामांची पँट मी शिवून देतो."

बोरस्त्यांनी गोणीची घडी घातली. मग परत उलगडली, परत घातली. मेहुण्याने टेम्पोतून डोके काढून विचारले, "दाजी, नेयाची का नाय?" प्रतिभा दारात येऊन उभी होती. आधी तिने बादलीकडे पाहिले, मग साबणाकडे, मग नवऱ्याकडे, बराच वेळ. ती आता काय म्हणेल याचा वाल्मीकला अंदाज येत नव्हता. लग्नाला वीस वर्षे होऊनही येत नव्हता, याचे त्याला कुतूहलच वाटले.

"जानेवारीत गार पाण्याने घालताय," ती म्हणाली. "थांबा. हिटरचं आणते."

ती आत गेली. गाठोडे डोक्यावर घेऊन भागुबाई पुढची गल्ली आटोपून परत येत होती. उघड्या फाटकापाशी थांबली, फेसात उभ्या असलेल्या कुत्रीकडे तिने मान तिरकी करून पाहिले, आधी पाठ, मग कड.

"धुतल्यावर बरी दिसती की," ती म्हणाली. "देऊ का मग टमरेल?"

वाल्मीकने कुत्रीच्या कानातला फेस बोटाने काढला.

"नाही," तो म्हणाला. "ती वापरातली आहे."